डी.ओ. होणाऱ्या डॉक्टरांना वेळेवर कोण सांगतं?

मार्च महिना आला की माझा फोन जरा जास्तच वाजतो. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी अमेरिकेत 'मॅच डे' असतो. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढची काही वर्षं कुठल्या इस्पितळात काढायची ते त्या दिवशी कळतं. त्याच सुमाराला पुढच्या तुकडीचे प्रवेशही ठरत आलेले असतात. मग एडिसनहून, ह्यूस्टनहून, कधी थेट नाशिकहून कुणाचा तरी फोन येतो: "डॉक्टर, मुलीला ऑस्टिओपॅथिक कॉलेजात सीट मिळाली आहे. ती खरी डॉक्टर होणार ना?"

होणार, शंभर टक्के होणार. एवढं सांगून फोन ठेवता येतो. पण पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात मी फॅमिली मेडिसिनची प्रॅक्टिस करतो, आणि गेली बरीच वर्षं ही मुलं माझ्या क्लिनिकमध्ये शिकायला येतात. त्यांना जवळून पाहिल्यामुळे मी पालकांना आणखी दहा मिनिटं फोनवर थांबवून घेतो आणि विचारतो, की तिला मार्गदर्शन कोण करणार आहे, याची चौकशी केलीत का? हा लेख म्हणजे ती दहा मिनिटं.

## आधी डी.ओ. म्हणजे काय ते

आपल्याकडे एम.डी. ही एम.बी.बी.एस.नंतरची पदवी. अमेरिकेत मात्र एम.डी. ही पहिलीच वैद्यकीय पदवी असते, आणि तिच्या बरोबरीची दुसरी पदवी म्हणजे डी.ओ., 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन'. दोन्हींचा रस्ता सारखा: आधी साधी पदवी, मग चार वर्षं मेडिकल, मग रेसिडेन्सी. रेसिडेन्सी म्हणजे इस्पितळात राबत राबत एका शाखेत तयार होण्याचा काळ. फॅमिली मेडिसिनला तीन वर्षं, न्यूरोसर्जरीला सात. डी.ओ. औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात, पन्नासही राज्यांत त्यांना पूर्ण परवाना मिळतो. त्यांच्या अभ्यासात एक गोष्ट जादा असते: सांधे, स्नायू आणि पाठीचा कणा यांवर हातांनी करायचे उपचार, साधारण २०० तास. कंबरदुखीसारख्या तक्रारींत त्यांचा काहीसा फायदा दिसला आहे; काही तंत्रांमागचा पुरावा मात्र कच्चा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

जो बायडेन यांचे व्हाइट हाउसमधले डॉक्टर केविन ओकॉनर डी.ओ. होते. त्यांच्या आधीचे शॉन कॉन्ली आणि नंतरचे शॉन बार्बाबेला हेही डी.ओ.च. आज अमेरिकेत मेडिकल शिकणाऱ्या दर चार मुलांतलं एकाहून जास्त मूल डी.ओ.च्या कॉलेजात आहे.

गोंधळ होतो तो नावामुळे. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात 'ऑस्टिओपॅथ' म्हणजे फक्त हातांनी उपचार करणारा माणूस, डॉक्टर नव्हे. शिवाय या शाखेचा उगमही थोडा हाडवैद्याच्या अंगणातलाच आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरच्या घरातली तीन मुलं १८६४मध्ये मेंदूज्वराने गेली. तेव्हाच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८७४मध्ये त्यांनी आपला नवा विचार मांडला, काही काळ 'विजेच्या वेगाचा हाडवैद्य' अशी जाहिरात करत गावोगाव फिरले, आणि १८९२मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. त्याच्या पहिल्या तुकडीत स्त्रियाही होत्या. तिथून आजपर्यंत ही शाखा पूर्ण आधुनिक वैद्यकात मिसळून गेली आहे.

## मुलं शिकतात कुठे?

मार्गदर्शनाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. एम.डी.ची बरीच कॉलेजं मोठ्या विद्यापीठाच्या इस्पितळाला जोडलेली असतात. वर्ग, वॉर्ड, प्रयोगशाळा, प्राध्यापक सगळं एका आवारात. डी.ओ.च्या अनेक कॉलेजांकडे स्वतःचं इस्पितळच नसतं. पहिली दोन वर्षं मुलं कॉलेजात काढतात आणि पुढची दोन वर्षं लहान-मोठ्या गावांतल्या इस्पितळांत, दवाखान्यांत विखुरतात. चार आठवडे मेडिसिन एका गावात, चार आठवडे बाळंतपणाचा विभाग दुसऱ्या गावात.

तिथे त्यांना शिकवतो तो 'प्रिसेप्टर', म्हणजे आपली प्रॅक्टिस सांभाळून विद्यार्थी घेणारा डॉक्टर. मी तोच. या पद्धतीचं मला मनापासून कौतुक आहे. मोठ्या इस्पितळात पेशंटभोवती पाच रेसिडेंट असतात आणि विद्यार्थी सहावा, टाचा उंचावून बघणारा. माझ्याकडे तो एकटाच असतो. पहिला प्रश्न तोच विचारतो, पोटावर पहिला हात त्याचाच पडतो.

पण चार आठवड्यांत काय होतं? पहिल्या आठवड्यात ती मुलगी बुजलेली असते. दुसऱ्यात मला तिची ताकद कळते, तिसऱ्यात तिचं घाबरणं कुठे आहे ते कळतं, आणि चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी ती गाडीत बॅग टाकून पुढच्या गावी निघते. तालमीत वस्ताद पोराला रोज बघतो. त्याचा उजवा पाय कुठे घसरतो ते त्याला पाठ असतं. आमच्या या मुलांचं तसं नाही. दर महिन्याला नवं गाव, नवा आखाडा, नवा वस्ताद. शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांचा सगळा प्रवास सलग पाहिलेला माणूस एकही नसतो.

## छापलेला नसतो तो अभ्यासक्रम

पहिल्यांदा वारीला निघालेल्या माणसाला नव्या चपला घालू नकोस, दिवेघाट चढायच्या आधी पाणी भरून घे, हे दिंडीच्या पत्रकातून कळत नाही. जुना वारकरी सांगतो. डॉक्टरकीतही असा पत्रकात नसलेला भाग असतो, आणि डी.ओ.च्या मुलांसाठी तो जरा जास्तच असतो.

परीक्षांचंच घ्या. डी.ओ.च्या मुलांना कॉमलेक्स नावाच्या परीक्षा सक्तीच्या असतात. एम.डी.च्या मुलांची परीक्षा वेगळी, यूएसएमएलई. ती डी.ओ.च्या मुलांना ऐच्छिक आहे. पण चुरशीच्या शाखांतले काही रेसिडेन्सी कार्यक्रम तिचे गुण मागतात किंवा त्यांनाच जास्त वजन देतात. म्हणजे ऐच्छिक परीक्षा द्यायची की नाही हे ठरवायला आधी शाखेचा अंदाज हवा, आणि तो दुसऱ्या वर्षातच हवा, जेव्हा मुलाने वॉर्ड नीट पाहिलेलाही नसतो. त्यात २०२२पासून दोन्ही परीक्षांच्या पहिल्या टप्प्याला गुण मिळत नाहीत, फक्त पास किंवा नापास. त्यामुळे सगळा भार दुसऱ्या टप्प्यावर, शिफारसपत्रांवर, संशोधनावर आणि चौथ्या वर्षातल्या 'ऑडिशन' महिन्यांवर आला आहे. ज्या इस्पितळात जायची इच्छा आहे तिथे महिनाभर पाहुणा विद्यार्थी म्हणून काम करून दाखवायचं, ती ऑडिशन. तिची तयारी तिसऱ्या वर्षातच करावी लागते.

मग येतो मॅच. आपल्या कॅप राउंडसारखा पसंतीक्रम भरायचा. फरक इतकाच की इथे इस्पितळंही आपला पसंतीक्रम भरतात आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. ही जुळणी अशी बेतलेली आहे की मुलाने मनातला खरा क्रम भरला तरच त्याचं हित होतं. डावपेच करून 'मिळेल ते' वर टाकलं तर तोटाच. याच विषयातल्या कामासाठी ॲल्विन रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना २०१२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण घाबरलेल्या मुलाला फेब्रुवारीच्या रात्री हे पटवून द्यायला नोबेल पुरेसं पडत नाही. ओळखीचा आवाज लागतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला, चौथ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये. हुशार, कामसू, पेशंटांचा लाडका. त्याला हाडांचा सर्जन व्हायचं होतं. महिनाभरात अर्ज जायचे होते. त्याने ऐच्छिक परीक्षा दिलेली नव्हती, एकाही ऑर्थोपेडिक सर्जनचं पत्र त्याच्याकडे नव्हतं, एकही ऑडिशन ठरलेली नव्हती. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं नाही?" तो म्हणाला, "मला वाटलं गुण चांगले आहेत म्हणजे पुरे." त्याच्या कॉलेजने त्याला सल्लागार म्हणून दिलेल्या व्यक्तीशी त्याची दोन वर्षांत एकदा भेट झाली होती. त्या संध्याकाळी मला जे वाईट वाटलं ते अजून गेलेलं नाही. त्याच्यात कमी काही नव्हतं. अठरा महिने आधी वीस मिनिटं बोलणारा माणूस नव्हता.

## ज्येष्ठ कमी, कनिष्ठ फार

असं का होतं? इतिहासात त्याचं कारण सापडतं. १९६२मध्ये कॅलिफोर्नियाने नव्या डी.ओ. डॉक्टरांना परवाना देणंच बंद केलं. होते त्यांना ६५ डॉलर भरून एम.डी. पदवी घ्यायची मुभा दिली, आणि दोन हजारांहून जास्त डॉक्टरांनी ती घेतली. तिथलं कॉलेज एम.डी.चं झालं. देशभरात डी.ओ.ची अवघी ५ कॉलेजं उरली. कॅलिफोर्नियाचा दरवाजा न्यायालयाने १९७४मध्ये पुन्हा उघडला. त्यानंतर ही शाखा झपाट्याने वाढली, आणि आज ४० हून जास्त कॉलेजं आहेत. साहजिकच काम करणाऱ्या डी.ओ. डॉक्टरांत निम्म्याहून जास्त पंचेचाळिशीच्या आतले आहेत. ज्या घरात नातवंडं पन्नास आणि आजोबा दोन, तिथे गोष्ट कोण सांगणार?

दुसरा बदल २०२०मधला. तोपर्यंत डी.ओ.च्या मुलांसाठी वेगळे रेसिडेन्सी कार्यक्रम होते आणि वेगळा मॅचही होता. २०१५ ते २०२० या काळात ते सगळं एम.डी.च्या व्यवस्थेत विलीन झालं. एकूण विचार करता हे चांगलंच झालं, आज डी.ओ.च्या शेवटच्या वर्षाच्या दर १०० मुलांतल्या ९० हून जास्त मुलांना मॅचमध्ये जागा मिळते. पण जुन्या वाटेवर 'हा आमच्यातला' म्हणून आपणहून पाहणारी माणसं होती. नव्या वाटेवर ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते.

## मार्गदर्शक म्हणजे नेमकं कोण?

एकाच माणसाकडून सगळं मिळेल ही अपेक्षा चुकीची आहे. कॉलेजचा सल्लागार तारखा आणि नियम सांगतो. प्रिसेप्टर हात धरून काम शिकवतो. एक-दोन वर्षं पुढे असलेला सिनियर कुठे राहायचं, कुठला विभाग कसा वागवतो, ते सांगतो. आणि माझ्या अनुभवात सगळ्यात ताजी माहिती त्याच्याकडेच असते. मार्गदर्शक या सगळ्यांहून वेगळा. तो वर्षानुवर्षं तुमच्याकडे बघतो, तुमचं खरं ऐकून घेतो आणि न आवडणारं खरंही सांगतो. आणि आणखी एक माणूस लागतो, तुम्ही खोलीत नसताना तुमच्यासाठी शब्द टाकणारा.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. या नात्यात तो डावही शिकवून टाकावा लागतो.

## हा वशिलाच नाही का?

हा आक्षेप मला जवळपास प्रत्येक मराठी घरातून ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. आपण वशिल्याने पोळलेली माणसं आहोत.

वशिल्यात शब्द टाकणाऱ्याने काम पाहिलेलं नसतं, नातं पाहिलेलं असतं. मी पत्र लिहितो तेव्हा त्या मुलीने माझ्यासमोर पन्नास पेशंट तपासलेले असतात. अपघात विभागाच्या शाखेत तर शिफारसपत्राचा ठरावीक नमुनाच आहे; विद्यार्थ्याची तुलना इतरांशी करून दाखवावी लागते, नुसतं गोड लिहून चालत नाही.

पण त्याहून महत्त्वाचं असं की, मार्गदर्शन आजही वाटलं जातंच, फक्त असमान वाटलं जातं. ज्या मुलीचे आईवडील अमेरिकेत डॉक्टर आहेत तिला कुठली परीक्षा कधी द्यायची ते रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर कळतं. ट्रक चालवणाऱ्या बापाच्या किंवा मोटेल सांभाळणाऱ्या आईच्या मुलीला ते कुठून कळणार? कॉलेजने प्रत्येकाला माणूस नेमून दिला, त्या माणसाला वेळ दिला, तर ते टेबल सगळ्यांसाठी मांडल्यासारखं होईल. मला तरी वशिल्यावरचा तोच उतारा दिसतो.

## मार्गदर्शक डी.ओ.च हवा का?

एक तरी असावा. कॉमलेक्स-यूएसएमएलईचा घोळ, "डी.ओ. म्हणजे काय हो?" असं विचारणारा पेशंट, मुलाखतीतला तिरका प्रश्न, हे अंगावरून गेलेल्या माणसालाच नीट सांगता येतं. मी स्वतः डी.ओ. नाही. या गोष्टी मला माझ्या विद्यार्थ्यांनी शिकवल्या, आणि म्हणून मी त्यांना शेजारच्या गावातल्या एका डी.ओ. सहकाऱ्याकडे धाडतोच.

हातांच्या उपचारांचंही तसंच आहे. ते पोहण्यासारखं विसरता न येणारं कौशल्य नाही, तबल्यासारखं आहे. रियाज सुटला की बोट जड होतं. रेसिडेन्सीत कुणी करताना दिसलं नाही तर दोन वर्षांत हात थांबतो. काही रेसिडेन्सी कार्यक्रमांना 'ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन' ही वेगळी मान्यता असते. तिथे हे शिक्षण पुढे चालू राहतं आणि एम.डी. झालेले डॉक्टरही त्यात भाग घेऊ शकतात. ज्याला हे उपचार पुढे करायचे आहेत त्याने पसंतीक्रम भरताना ही मान्यता बघावी. बाकी शाखेच्या कामासाठी मार्गदर्शक कोणत्या पदवीचा आहे याने काही बिघडत नाही.

## "आम्हाला कुठे होता मार्गदर्शक?"

माझ्या मुंबईच्या बॅचचे मित्र हेच म्हणतात. मी त्यांना वॉर्डातल्या रात्री आठवायला सांगतो. पहाटे तीनला सलाईन लागत नव्हती तेव्हा उठून आलेला रजिस्ट्रार कोण होता? "हे सर परीक्षेत हेच विचारतात" असं कँटीनमध्ये सांगणारा सिनियर कोण होता? आम्ही हॉस्टेलमध्ये राहायचो, वॉर्ड समोर होता, तीच माणसं साडेपाच वर्षं आजूबाजूला होती. मार्गदर्शन आमच्या भिंतींतच होतं, म्हणून त्याला नाव द्यावं लागलं नाही.

माझ्याकडची मुलगी परक्या गावात महिन्याच्या भाड्याने खोली घेते, रात्री एकटी जेवते, फोनवर व्हिडिओ लावून अभ्यास करते. तिच्या वर्गातले मित्र दोनशे मैलांवर असतात. आणि डोक्यावर कर्ज असतं. डी.ओ.ची बहुतेक कॉलेजं खासगी आहेत. १ जुलै २०२६पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर अशी होते आहे. त्यापुढचे पैसे कुठून आणायचे, हेही कुणाला तरी विचारावं लागणार.

## रेसिडेन्सी लागली की संपलं?

मला वाटतं, खरी गरज तिथेच सुरू होते. रेसिडेंटच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, चार आठवड्यांची सरासरी काढून. २००३मध्ये हा नियम देशभर लागू झाला. मर्यादाच ८० तासांची, यावरून एकूण कल्पना येईल.

तिथे पहिला मृत्यू येतो. ज्याच्याशी सकाळी बोललात तो माणूस संध्याकाळी नसतो, आणि फाइलमध्ये सही तुमची असते. माझ्या पहिल्या वर्षात असं झालं तेव्हा मी जिन्यात बसून होतो. एक ज्येष्ठ नर्स आणि एक तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट येऊन शेजारी बसले. त्याने मला त्या पेशंटचं सगळं परत सांगायला लावलं, औषधांच्या वेळांसकट, आणि मग म्हणाला, "मीही हेच केलं असतं." तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

रेसिडेन्सीत कार्यक्रमाचा प्रमुख ठरावीक काळाने तुमचं मूल्यमापन करतो. म्हणून माझं ठाम मत आहे की मन मोकळं करायचा माणूस त्या मूल्यमापनाच्या बाहेरचा असावा. "मला झोप येत नाही, मी चुकेन अशी भीती वाटते" हे वाक्य ज्याच्या हातात तुमचा शेरा आहे त्याला सांगणं अवघड जातं. काही राज्यांच्या परवान्याच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल प्रश्न असतात, त्या धास्तीने मुलं उपचारही टाळतात. त्यांना अर्जातला प्रश्न नक्की काय विचारतो ते शेजारी बसून वाचून दाखवणारं कुणी असलं, तर बऱ्याचदा ती धास्ती उतरते.

## मग विचारायचं कसं?

आपल्या घरांतली मुलं इथे अडतात. "सरांना त्रास कशाला" हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. "माझे मार्गदर्शक व्हाल का?" असं विचारूच नये, समोरचाही गांगरतो. वीस मिनिटं मागावीत आणि एकच नेमका प्रश्न न्यावा. सल्ला मिळाल्यावर महिन्याने दोन ओळी लिहाव्यात, काय केलं आणि काय झालं ते. तिसऱ्या वेळेपर्यंत नातं आपोआप तयार झालेलं असतं.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजलाही विचारावं: तिसऱ्या-चौथ्या वर्षात मूल दूर असताना त्याच्याशी महिन्यातून एकदा बोलणारा माणूस कोण? त्या माणसाकडे किती मुलं आहेत? त्याला या कामासाठी वेगळा वेळ दिला जातो, की पेशंट संपल्यावर उरेल तो? माझ्यासारखे बरेच प्रिसेप्टर हे काम आवडीने आणि जवळपास फुकट करतात. पण चाळीस पेशंट पाहून झाल्यावर उरलेल्या आवडीवर एका अख्ख्या पिढीचं शिक्षण टाकणं बरोबर नाही. कॉलेजांनी आणि इस्पितळांनी यासाठी आठवड्याचा अर्धा दिवस राखून ठेवावा, त्याचे पैसे द्यावेत.

शेवटच्या शुक्रवारी मी प्रत्येक विद्यार्थ्याला तीन नावं लिहायला सांगतो: तुझ्या शाखेतलं एक, तुझ्याहून दोन वर्षं पुढचं एक, आणि ज्याला रात्री दोनला फोन करता येईल असं एक. गेल्या महिन्यातल्या मुलीने शेवटची दोन पटकन लिहिली. पहिली ओळ कोरी राहिली. तिला बालरोगतज्ज्ञ व्हायचंय. पलीकडच्या शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंना मी तिच्याबद्दल लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी क्लिनिक उघडायच्या आधी फोन करणार आहे.